हॉटेल गेलं, मी सुखरूप आहे

तुलुम, किंताना रो, मेक्सिको
रविवार, रात्री

तीर्थरूप अण्णा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र दादाच्या मोबाइलवर पाठवतोय. दादा, प्रिंट काढून अण्णांच्या हातात दे, पण त्याआधी तू वाच, कारण निम्मं तुझ्यासाठीच आहे. फोनवरच सांगणार होतो, पण आई आधी 'जेवलंस काय?' विचारते आणि पुढचं बोलायच्या आत रेंज जाते.

आधी हे वाचा: मी धडधाकट आहे, साधं खरचटलंही नाही. पासपोर्ट आणि इथलं राहण्याचं कार्ड माझ्याजवळ आहे. काम मात्र सध्या नाही. जहाज सोडल्यापासून पाच वर्षं ज्या हॉटेलात मी रिसेप्शन आणि हिशेब बघत होतो, ते गेल्या मंगळवारी सकाळी गेलं. वादळात नाही, आगीत नाही. कोर्टाचा हुकूम घेऊन माणसं आली आणि त्यांनी आम्हाला बाहेर काढलं.

सकाळचे साडेसहा झाले होते. आमचे दोन पोरगे किनाऱ्यावरचं सर्गासो ओढत होते. ते तपकिरी शेवाळ इथे ढिगांनी वाहून येतं, आणि रोज उचललं नाही तर कुजून असा वास सुटतो की पाहुणे नाक धरून पळतील. तेवढ्यात रस्त्यावर तीन पिकअप येऊन थांबल्या. मागे वीस-पंचवीस जण उभे, काळे टीशर्ट, काहींच्या हातात दांडके. पुढे फाइल घेतलेला एक बारका माणूस, इस्त्रीच्या शर्टात घामाघूम. तो आक्तुआरिओ, म्हणजे आपल्याकडचा बेलीफ. त्याने वाळूतच उभं राहून हुकूम वाचला. उशीर झालेला भटजी संकल्प म्हणतो त्या वेगाने. मला दोनच शब्द कळले: 'ताबा' आणि 'तात्काळ'. पोलीस होते, पण फाटकाबाहेर, आमच्याकडे पाठ करून.

त्या दिवशी २१ पाहुणे होते. एक नवं जोडपं टॉवेल गुंडाळून बाहेर आलं. चार नंबरच्या खोलीत कॅनडाच्या एक आजी असतात. १९ वर्षं दर हिवाळ्यात येतात, त्याच खोलीत. त्या पायरीवर बसून एवढंच म्हणत होत्या, की मी शुक्रवारपर्यंतचे पैसे भरलेत. मी तिजोरी उघडून पासपोर्ट वाटायला लागलो. काळ्या टीशर्टातला एक पोरगा माझ्या खांद्याशी उभा राहून मोजत होता. वय जेमतेम वीस. मध्येच हळूच विचारतो, प्यायचं पाणी कुठेय? दिलं. काय करणार, हॉटेलवाल्याची सवय.

बेलीफचा कारकून बॉलपेनने यादी करत फिरत होता: खुर्च्या ३८, हॅमॉक ११. सामान हलवायचं नाही अशी ताकीद होती. आमची मुख्य स्वयंपाकीण, जिला सगळे 'हेफा' म्हणतात, म्हणजे साहेबीण, तिने चुलीवरचा कोमाल, आपल्या भाकरीच्या तव्यासारखाच तो, गरम असतानाच ॲप्रनमध्ये गुंडाळला. दुसऱ्या हातात मक्याच्या पिठाची बादली. दारावरच्याने अडवलं. ती 'आईचा आहे' एवढंच म्हणाली आणि चालू लागली. त्याने वाट सोडली. नऊ वाजेपर्यंत दारांवर सीलचे कागद लागले. तेही धड चिकटेनात. खाऱ्या हवेने दारं ओली. शेवटी चिकटपट्टीचं अख्खं रिळ संपवलं.

आता तुम्ही म्हणाल, मालकिणीने कागद न बघताच हॉटेल बांधलं का? बघितले होते, अण्णा. खरी गंमत तिथेच आहे.

इथे गावकीच्या जमिनीला एहिदो म्हणतात. आईच्या माहेरचं, चौकुळचं आठवा. आंबोली, गेळे, चौकुळची ती कबुलायतदार गावकरांची जमीन: कसायची पिढ्यान्‌पिढ्या गावाने, पण एकट्याच्या नावाचा उतारा मागायला गेलं की तोंडं वाकडी. एहिदोची जात तीच. १९१० नंतरच्या क्रांतीत इथे सपाता नावाचा पुढारी जमीन कसणाऱ्याची म्हणून लढला. त्याला १९१९ मध्ये दग्याने मारलं. त्या लढ्यातून १९१७ च्या राज्यघटनेत २७ वं कलम आलं आणि पुढे गावांना जमिनी मिळाल्या. आपला १९४८ चा कूळकायदा झाला, आजोबांना माडाची बाग मिळाली, तसंच काहीसं. फरक एवढाच की इथे जमीन एकेका कुळाला न देता सबंध गावाला दिली, आणि विकायला बंदी घातली. १९९२ मध्ये घटना बदलली. आता गावसभेने रीतसर ठराव केला आणि नोंदणी झाली, तर सभासदाला त्याचा तुकडा पूर्ण मालकीचा करून घेता येतो. तोवर कोणी 'विकली' म्हणाला तरी हातात येते ती फक्त वहिवाट.

त्यात आमची मालकीण, सगळे तिला सिन्योरा म्हणतात, परदेशी. किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत परदेशी माणसाच्या नावावर थेट जमीन होत नाही, हेही त्याच २७ व्या कलमात. मार्ग आहे तो बँकेच्या ट्रस्टचा: मालकी बँकेच्या नावावर, उपभोग तुमचा, मुदत ५० वर्षं, पुढे वाढवून मिळते. पण जमीन खासगी झालेलीच नसेल तर बँक ट्रस्ट कशाचा करणार? मग लोक काय करतात, तर एखादा स्थानिक माणूस पुढे करतात. त्याला 'प्रेस्तानोंब्रे' म्हणतात, म्हणजे नाव उसनं देणारा. आपल्याकडे बेनामी म्हणतात तेच, फक्त इथे शब्द ऐकायला गोड आहे. शिवाय भरतीरेषेपासून आतली २० मीटर पट्टी देशाची. तिथे खाटा मांडायच्या तर वेगळा परवाना.

आमच्या सिन्योराकडे एहिदोच्या एका सभासदाचा कागद होता. समोरच्या पार्टीकडे त्याच वाळूचा वेगळाच, जुना खासगी मालकीचा कागद. दावा लागला तो सिन्योरावर नाहीच. भलत्याच एका माणसावर, जो म्हणे या जागेचा भाडेकरू. आम्ही त्याला कधी पाहिलंही नाही. तो कोर्टात गेला नाही, निकाल एकतर्फी झाला, आणि निकालाचा पहिला कागद आमच्यापर्यंत आला तो थेट बेलीफच्या हातून. आता सिन्योराच्या वकिलाने 'आम्हाला न ऐकताच बाहेर काढलं' म्हणून आम्पारो घातलाय. आपल्या रिट अर्जासारखं समजा. खोटं कोण, खरं कोण, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. सिन्योराचा कागद मी स्वतः फाइलला लावलाय, आणि माझं मत विचाराल तर तो कच्चाच होता. पण २० वर्षं राबून उभं केलेलं हॉटेल एका सकाळी मोजून घेणं हेही मला पचत नाही.

हे आमच्यावरच आलं असंही नाही. जून २०१६ मध्ये याच रस्त्यावर एका दिवसात डझनाहून जास्त जागा अशाच रिकाम्या केल्या होत्या. आमचा माळी तेव्हा शेजारच्या हॉटेलात होता, तो अजून तारखेनिशी सांगतो. त्याहून जुनं प्रकरण पार दुसऱ्या टोकाचं, बाहा कॅलिफोर्नियातल्या पुंता बांदाचं. तिथे समुद्राकाठी घरं बांधून राहिलेल्या अमेरिकन लोकांना २००० साली घरं सोडावी लागली, कारण ज्या एहिदोकडून त्यांनी जागा घेतल्या त्याला ती जमीन मुळातच चुकीने दिली होती, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं होतं. जे आपलं नाही ते गावाला दिलं सरकारने, आणि बॅगा भरल्या म्हाताऱ्या माणसांनी.

आणि भांडण आताच का पेटलं ते सांगायला नको. सिन्योरा आली तेव्हा या किनाऱ्यावर विजेची तारही नव्हती. जनरेटर रात्री दहाला बंद, मग मेणबत्त्या. झावळ्यांच्या छपराच्या बारा खोल्या, आपल्या माटवासारख्या. तेव्हा इथल्या वाळूवर कोणी दावा ठोकायला आलं नाही. २००८ मध्ये तुलुमची स्वतंत्र नगरपालिका झाली, डिसेंबर २०२३ मध्ये विमानतळ सुरू झाला, मागोमाग रेल्वे आली. आता वाळूच्या प्रत्येक घमेल्याला वारस निघतोय.

दादा, आता तुझ्याकडे येतो. आईने सांगितलं, की माडाच्या बागेसाठी पुण्याची पार्टी आलीय आणि एजंट टोकन घेऊन ओसरीवर बसतो. पार्टी शेतकरी नाही, म्हणून शेजारच्यांची जमीनही तुझ्या नावावर घ्यायची, पैसा त्यांचा, सातबारा तुझा, वरून तुला महिना काहीतरी. दादा, प्रेस्तानोंब्रे तो हाच. आज तुला फुकटचे पैसे वाटतायत. उद्या त्या पार्टीत आपसांत फाटलं, की समन्स आपल्या ओसरीवर येणार. आणि आपल्या बागेचं तर विचारूच नकोस: सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यात दोन्ही आत्या, मुंबईच्या काकांची मुलं. आजोबांचं ३२-म चं, म्हणजे कुळाने जमीन विकत घेतल्याचं, प्रमाणपत्र कुठे आहे हे तुला तरी माहितेय का? माझ्या आठवणीत ते पत्र्याच्या ट्रंकेत, आजीच्या लुगड्याखाली होतं. इतर हक्कात कूळकायद्याचा शेरा अजून असेल तर तो आधी तलाठ्याकडे जाऊन बघ. रागावू नकोस. मी लांब बसून शहाणपण शिकवतो असं वहिनी म्हणेल, आणि तिचं चूक नाही. तिथे राहून बाग शिंपणारा तूच आहेस. विकायचीच असेल तर विकू. पण सगळ्यांच्या सह्यांनी, आपल्या नावाने, उजळ माथ्याने.

पैशांचं: या महिन्यात नेहमीच्या निम्मेच पाठवू शकेन. कायद्याने नोकरी अशी गेली तर तीन महिन्यांचा पगार मिळायला हवा. पण मागायचा कोणाकडे? सिन्योरा म्हणते हॉटेलच नाही तर देऊ कुठून. नवे ताबेदार म्हणतात तुम्हाला आम्ही नोकरीला ठेवलंच नव्हतं. माझ्या पगाराच्या पावत्या खोलीवर आहेत. पण चौदा माणसांपैकी निम्म्यांना पगार रोखीत मिळायचा. त्यांचा एकच पुरावा होता, ती माझी हजेरीची वही.

आणि अण्णा, ती मी आणली नाही. हे आईला वाचून दाखवू नका हवं तर. बेलीफ म्हणाला, वैयक्तिक सामान घ्या, दोन मिनिटं. काउंटरवर दोन वह्या होत्या, दोन्ही निळ्या पुठ्ठ्याच्या. मी घाईत एक बगलेत मारली आणि निघालो. फाटकाबाहेर येऊन बघतो तर पाहुण्यांच्या अभिप्रायांची वही. अकाउंट्सचा माणूस मी, आणि आणलं काय, तर 'सूर्योदय फार सुंदर होता'. परत आत सोडलं नाही. ते पाण्याचं विचारणारं पोरगंच दारावर होतं, त्याने फक्त मान हलवली.

तीन दिवस मी कोणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. हेफाने काही म्हटलं नाही. तिने घरासमोर टेबल टाकून त्याच कोमालवर धंदा सुरू केलाय. संध्याकाळी मी तिथे गोळे करून देतो. भाकरीसारखं थापायला लागलो की तिच्या सुना हसतात. परवा धंदा आटोपल्यावर ती वही बघू म्हणाली. तिला इंग्रजी येत नाही, पण स्वतःचं नाव ओळखता येतं. एका पानावर बोट ठेवून विचारते, इथे काय लिहिलंय? कॅनडाच्या आजींनी लिहिलं होतं, तिच्या हातच्या काळ्या घेवड्याबद्दल. खाली तारीख होती, १२ जानेवारी २०११.

कामगारांच्या वकीलबाई म्हणाल्या, की याचा उपयोग होईल. हजेरीइतका पक्का नाही, पण माणूस कधीपासून कामावर होता हे दिसतं. आजींना मेल केला, त्यांनी लगेच कळवलं की त्या लेखी साक्ष देतील, आणि चार नंबरचं कुलूप बदललंय का ते विचारलं. म्हणून आता रोज रात्री आम्ही दोघं बसतो. मी पानं उलटतो, नाव आणि तारीख दिसली की ती 'थांब' म्हणते, मी उतरवून घेतो. आजवर नऊ जणांची नावं सापडलीत. माळी अजून सापडत नाही. झाडांबद्दल पाहुण्यांनी पानंच्या पानं लिहिलीत, झाडं लावणाऱ्याचं नाव कोणीच लिहिलेलं नाही. अर्धी वही बाकी आहे.

आजीला नमस्कार, वहिनीला सांगा की कुळथाची पिठी संपली. ट्रंक उघडली की कागदांचे फोटो पाठवा.

तुमचा,
बाळू