त्या गाडीला दिवा नव्हता का?

वडाळा,
१४ ऑगस्ट, रात्री साडेदहा

प्रिय बाळ्या,

तू पाठवलेल्या हळदीची पोचसुद्धा मी दिली नाही. वहिनींना सांग, हळद घरात सगळ्यांना आवडली. शेजारच्या काकूंनीही वाटीभर नेली. तब्येत म्हणशील तर ठीक. शुगर आहे तिथेच आहे, गुडघा पावसाळ्यात बोलतो. घरचे सगळे बरे.

आता खरं सांगतो. गेल्या महिन्याभरात तीनदा तुझा नंबर काढला आणि तीनदा फोन खाली ठेवला. तू "अरे सोड रे, काही झालं नाही ना" म्हणाला असतास आणि मला ते ऐकायचं नव्हतं. म्हणून लिहितोय.

आठ जुलैची रात्र. बाबूराव चाळीस फुटी ट्रेलरवर न्हावाशेव्याहून भरलेला कंटेनर घेऊन निघाला होता. यार्डात कागदांचा घोळ झाल्यामुळे मी बरोबर होतो. जासई सोडून गव्हाण फाट्याकडे येताना पाऊस असा की वायपर नुसता पाणी इकडचं तिकडे करत होता. पुढे खड्डे दिसले म्हणून बाबूरावने वेग पंधरा-वीसवर आणला. तेवढ्यात मागून पत्रा खरवडल्यासारखा आवाज आला.

उतरून मागे पळालो. बाईक आडवी पडलेली, पुढचं चाक आपल्या मागच्या आडव्या बारला टेकलेलं. पोरगा बाजूला बसला होता, कोपर धरून. वीस-बावीस वर्षांचा. रात्रपाळी संपवून घरी निघालेला. डबा सुटून रस्त्यावर गेला होता, उरलेली अर्धी भाकरी पाण्यात फुगत होती. ती भाकरी मला अजून दिसते. कोपर सोलवटलं होतं, गुडघ्याला खरचटलं होतं, बाकी देवाची कृपा. मी त्याला उठवायला हात दिला तर तो माझ्याकडे न बघता ट्रेलरच्या मागच्या बाजूकडे बघत म्हणाला, "काका, तुमची गाडी दिसलीच नाही."

बाळ्या, मला एकदम सुऱ्याची आई आठवली. सुऱ्याच्या अपघाताच्या रात्री पळस्प्याला, हॉस्पिटलच्या पायरीवर बसून तिने तुला आणि मला एकच प्रश्न विचारला होता, "त्या गाडीला दिवा नव्हता का रे?" तू खाली बघितलंस, मी भिंतीकडे. त्या रात्री घरी येताना आपण काय ठरवलं होतं ते तुला माहीत आहे.

मी मागचे दिवे बघितले. उजवा पूर्ण मेलेला. डावा लागत होता, पण विडीच्या टोकाएवढा. रिफ्लेक्टर टेपवर चिखलाचा थर. बाबूरावला ओरडून ब्रेक दाबायला सांगितलं, तर डावा दिवा उजळायच्या ऐवजी जवळजवळ विझला, आणि बाजूचा पिवळा दिवा मिणमिणायला लागला. तुला यातच सगळं कळलं असेल. मला तिथे पावसात उभ्या उभ्या तुझा आवाज ऐकू आला, "हे बल्बचं दुखणं नाही, मायनसचं दुखणं आहे." म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरचं.

पोराला दवाखान्यात नेलं, टाके पडले नाहीत, घरी सोडलं. त्याच्या वडिलांनी आम्हाला चहा दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आरटीओच्या फिटनेस तपासणीला सगळे दिवे लागत होते. त्या दिवशी नवे बल्ब टाकले, होल्डर पॉलिश पेपरने घासले, टेप पुसली. पण खाडीची खारी हवा आणि चार महिने पाणी, होल्डरच्या पितळेवर हिरवा गंज चढायला कितीसा वेळ लागतो? बल्ब काय, खड्ड्यातल्या दणक्याने त्याची तार तुटतेच. मार्चमध्ये उजवा गेला, बाबूरावने सांगितलं, मी म्हटलं बदलून घे. त्याने बदलला. मेमध्ये पुन्हा गेला. मग कोणीच काही बोललं नाही.

आता आपल्या भांडणाकडे येतो. सहा वर्षांपूर्वी तू म्हणालास, सगळ्या ट्रेलरना एलईडी टाक. मी म्हटलं, साधा बल्ब पनवेलपासून कोल्हापूरपर्यंत कुठल्याही टपरीवर मिळतो, एलईडी फुटली तर अख्खा दिवा बदलायचा. तू मला कंजूष म्हणालास, मी तुला शहाणा म्हटलं, आणि तीन आठवडे बोलणं बंद. शेवटी वहिनींनी पुरणपोळ्या पाठवल्या तेव्हा सुटलं. (डब्याबरोबर चिठ्ठी होती, "यात मायनस नाही". ती चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे.) टपरीवर बल्ब मिळतो हे माझं म्हणणं आजही खोटं नाही. पण रात्री बारा वाजता पावसात टपरी उघडी नसते आणि मागे बघायला कोणी उतरत नाही, हे तुझं म्हणणं जास्त खरं होतं. ते मान्य करायला मला सहा वर्षं आणि एक पोरगा लागला.

दुसऱ्याच रविवारी आपल्या वायरमन मामाला यार्डात बोलावलं. मामा आधी सोपा रस्ता काढायला बघत होता: कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाऊन एलईडी बल्ब आणू, जुन्याच होल्डरमध्ये बसवू. एक जोडी आणून बघितली. पांढरी एलईडी लाल काचेमागे गुलाबी, पाणचट दिसते. समोरून बरी, दोन पावलं बाजूला सरकलं की गेलीच. जुनी काच आणि तिच्या मागचा आरसा तारेच्या एका ठिपक्यासाठी घडवलेला, त्यात हे एलईडीचे दाणे चहूकडे तोंड करून बसलेले. शिवाय होल्डर तोच, गंजका. मामाला म्हटलं, काढ. मग पूर्ण सीलबंद दिवेच घेतले, मागे लाल, बाजूला पिवळे, आत पाणी जायला वाट नसलेले, बारा ते चोवीस दोन्ही व्होल्टवर चालणारे. सगळे मिळून एका नव्या टायरच्या पैशात.

पण दिवे लावायच्या आधी मी मामाला मोजायला लावलं, तू लावायचास तसं. घोड्याच्या, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीच्या, बॅटरीवर चोवीस व्होल्टच्या वर होते. सगळे दिवे लावून मागच्या होल्डरवर मीटर धरलं तर साडेएकोणीस! मामा म्हणाला, पाचच तर गेले. मी म्हटलं, मामा, पाच व्होल्ट गेले म्हणजे बल्बचा अर्ध्याहून जास्त उजेड गेला. हे तुझंच वाक्य. मामाने चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "बाळ्याचं का?"

गेले कुठे, ते शोधायला अख्खी दुपार गेली. शेवटी घोड्यातून ट्रेलरला वीज देणाऱ्या सात पिनच्या प्लगचं झाकण उघडलं, आणि बाळ्या, एक नंबरच्या पिनची पांढरी वायर आतच तुटलेली. बाहेरून रबर शाबूत, आत तांब्याचं काळं पीठ. म्हणजे इतके महिने मायनस परत जात होता ट्रेलरच्या किंगपिनमधून, ती घोड्यावर ज्यात अडकते त्या फिफ्थ व्हीलवरच्या ग्रीसच्या थरातून! गाडी सरळ असली की थोडं लोखंड लोखंडाला टेकायचं, दिवे लागायचे. वळणावर, खड्ड्यात सुटायचं. आणि परतीची वाट बंद झाली की ब्रेकचा करंट दुसऱ्या दिव्याच्या तारेतून उलटा घुसून वाट शोधायचा. म्हणून त्या रात्री बाजूचा पिवळा मिणमिणला. नुसती एलईडी लावून मोकळा झालो असतो तर ती या मायनसवरही लागली असती, तिला करंटच किती लागतो! आणि मग जिथे मायनस अजिबात सुटला असता तिथे सगळा मागचा भाग एकदम काळा.

आता पिन एकपासून मागच्या दिव्यांपर्यंत वेगळी जाड मायनस वायर टाकली आहे, चेसिसच्या भरवशावर काही नाही. प्रत्येक जोडाला सोल्डरचा डाग मारला, वर स्लीव्ह चढवली. एका ठिकाणी तुझा जुना जोड निघाला, लाल टेपवाला, आत तांबं नव्यासारखं. मामा म्हणाला ही गाठ कोणाची. मी म्हटलं, दाढी करतानाही खिशात टेस्ट लॅम्प ठेवणाऱ्या माणसाची. तो जोड आम्ही तोडला नाही.

अंधार पडल्यावर दिवे लावले. बाबूरावला ब्रेकवर बसवलं आणि मी मागे चालत गेलो. जुना बल्ब तापून उजेड द्यायला क्षणाचा पाचवा हिस्सा घ्यायचा, हा पाय पडताच पेटतो. साठच्या वेगात तेवढ्यात मागची गाडी तीन मीटरहून जास्त पुढे आलेली असते. तीन मीटर म्हणजे दीड बाईक, बाळ्या. मी यार्डाच्या गेटपर्यंत गेलो, तिथूनही दोन्ही लाल दिवे सारखे दिसत होते. तिथे थोडा वेळ उभा राहिलो.

आता जे मला खरंच खातंय ते ऐक, कारण हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

एलईडी लावल्यावर इंडिकेटर वेड्यासारखा टिकटिकायला लागला. कारण तुला माहीत आहे, इंडिकेटर लुकलुकवणारा जुना फ्लॅशर एकवीस वॅटच्या बल्बचा भार धरून बसलेला, भार कमी दिसला की त्याला वाटतं बल्ब गेला. मामा म्हणाला रेझिस्टर लाव. मी नको म्हटलं. वाचवलेली वीज पुन्हा गरम करून फेकायची, आणि तो इतका तापतो की शेजारची वायर वितळेल. नवा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर टाकला, टिकटिक ठीक झाली. घरी आलो, जेवलो, आडवा झालो आणि एकदम उठून बसलो. ती वेडी टिकटिक म्हणजे तर निरोप होता! मागे इंडिकेटर गेला की केबिनमध्ये कळायचं. आता नवा फ्लॅशर मागे दिवा असो नसो, एकाच तालात वाजणार. रेझिस्टर लावला असता तरी तेच. म्हणजे दिवे चांगले झाले आणि ड्रायव्हरला कळायची होती तेवढी वाटही मी बंद केली. टेल आणि ब्रेकचं तर पूर्वीही कळत नव्हतं.

त्यात हे दिवे दाण्यादाण्याने मरतात. बल्ब गेला की गेला. इथे आठातले दोन दाणे गेले तर कोण लक्ष देणार? चार गेले तर "लागतोय की" म्हणतील. मी स्वतः मार्च ते जुलै तेच केलं ना! आणि ट्रेलर एका घोड्याला थोडाच राहतो? भाड्याचा घोडा लागला की त्याच्या सॉकेटमध्ये कुठल्या वायरमनने काय उलटसुलट केलंय, देव जाणे. एका घोड्याला मागच्या आठवड्यात डावा-उजवा अदलाबदल निघाला. तीन आणि पाच नंबरच्या पिना उलट्या. आणि वेल्डिंगवाला. कंटेनर धरून ठेवणाऱ्या ट्विस्ट लॉकचं वेल्डिंग करताना प्लग न काढताच सुरू झाला होता. तुझ्यासारखाच ओरडलो त्याच्यावर. एका ठिणगीत आतले सर्किट जायचे.

सध्या बाबूरावला नियम घालून दिलाय: घोडा जोडला की क्लीनर मागे, एकेक दिवा बोलून दाखवायचा. साइड, ब्रेक, डावा, उजवा. टेप फडक्याने पुसायची. करतो तो. पण मी नसताना करेल का? क्लीनर नसलेल्या फेरीला काय? करंट मोजून केबिनमध्ये दिवा लावणारं काही तुला बसवता येईल का, साधं, आपल्या मामाला दुरुस्त करता येईल असं? तू विचार केल्याशिवाय राहणार नाहीस हे मला माहीत आहे.

तुझं लिही. छोट्याचा बारावीचा निकाल चांगला लागल्याचं तात्याकडून कळलं, त्याला माझा आशीर्वाद. विहिरीला पाणी किती? वहिनींचं बीपी? गणपतीला येणार असलास तर आधी कळव, माळा झाडून ठेवतो.

आणि एक. सुऱ्याची आई परवा परळला भेटली, भाजी घेत होती. मला ओळखलं, हात धरला, "गाड्या बऱ्या चालल्यात ना?" म्हणाली. मी हो म्हटलं. उरणच्या पोराचं सांगितलं नाही, दिव्यांचंही नाही. सांगायला हवं होतं का? तू असतास तर तू बोलला असतास, मला जमलं नाही. तू आलास की दोघं जाऊ तिच्याकडे.

तुझी ती निळी वही शोध, दोन नंबरच्या घोड्याची वायरिंग तू लिहिलेली. कुठली वायर कुठून फिरवली आहेस ते मामाला सापडत नाही आणि मला तोडातोड करायची नाही. त्या पानाचा फोटो काढून पाठव. पान मिळेपर्यंत तो घोडा यार्डातच उभा ठेवलाय, रात्री बाहेर काढत नाही.

तुझा,
नाना