गणितात नापास, की वाचनात?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

निकाल लागला की गणितात नापास झालेल्यांची चर्चा सुरू होते. मी माध्यमिक वर्गांना गणित शिकवते. उत्तरपत्रिका तपासताना वारंवार जाणवते, की यातल्या बऱ्याच मुलांना आकडेमोड येते. कच्चे असते ते वाचन.

नुकताच सातवीच्या चाचणीत प्रश्न होता : ‘वर्गातील ४० विद्यार्थ्यांपैकी २४ मुली आहेत. मुलग्यांपेक्षा मुली किती जास्त आहेत?’ अनेकांनी १६ लिहिले. वजाबाकी बिनचूक, पण १६ ही मुलग्यांची संख्या झाली. विचारला होता फरक, म्हणजे ८. एका मुलाला शेजारी बसवून प्रश्न मोठ्याने वाचायला लावला. अडखळत, पण एकही अक्षर न चुकता त्याने वाचला. ‘काय विचारलंय?’ म्हटल्यावर मात्र गप्प. मग तोच प्रश्न मी शब्दही न बदलता वाचून दाखवला, तर क्षणभर थांबून म्हणाला, ‘आठ.’ अक्षरे जुळवण्यातच त्याचे सगळे लक्ष खर्ची पडत होते. ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात निसटलेली असायची.

१९८६ मध्ये गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी मांडले, की वाचून समजणे म्हणजे लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेचे आकलन. गणिताची शिक्षिका म्हणून मला यातला गुणाकार फार मोलाचा वाटतो. बेरीज असती तर एका बाजूची उणीव दुसरीने भरून निघाली असती. गुणाकारात एक बाजू शून्य झाली की सगळेच शून्य.

घडाघडा वाचणारी मुलेही अडतात, कारण ज्या विषयावर वाचायचे त्याची माहितीच नसते. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात मुलांना बेसबॉल सामन्याचे वर्णन वाचायला दिले होते. वाचनात मागे असलेल्या, पण खेळ जाणणाऱ्या मुलांना ते खेळाची माहिती नसलेल्या चांगल्या वाचकांपेक्षा जास्त समजले. म्हणून विज्ञान, इतिहास, भूगोल मन लावून शिकवणे हेही वाचन शिकवणेच आहे. हे काम एकट्या भाषाशिक्षकाच्या गळ्यात मारू नये.

आपण मात्र पळवाटा शिकवतो, आणि मला सर्वांत जास्त संताप याचाच येतो. ‘एकूण’ दिसले की बेरीज, ‘उरले’ दिसले की वजाबाकी! मग ‘५ पाने वापरल्यावर १२ उरली, तर आधी किती होती?’ याचे उत्तर मुले ७ लिहितात. प्रश्न न वाचता गुण मिळवायची ही युक्ती खालच्या वर्गांत खपून जाते आणि पुढे मुलांना तोंडघशी पाडते.

दरी वाढत जाते ती अशीच. ज्याला वाचणे जड जाते तो वाचन टाळतो, त्यामुळे शब्द आणि माहिती कमी पडते, आणि पुढचे वाचन आणखी जड होते. अमेरिकेतच २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, तिसरीत नीट वाचता न येणाऱ्या मुलांमध्ये शालेय शिक्षण वेळेत पूर्ण न होण्याचे प्रमाण चांगले वाचणाऱ्यांच्या चौपट होते. शाळेनंतर तर नेमणुकीच्या पत्रातल्या अटी किंवा नव्या यंत्राची माहितीपुस्तिका समजावून सांगायला बाजूला शिक्षक नसतो.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक विषयाच्या तासाला पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद मुलांनी स्वतः वाचावा आणि पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगावा. शाब्दिक उदाहरणात आकड्यांना हात लावण्याआधी ‘काय दिले आहे, काय विचारले आहे’ हे लिहून घ्यावे, आणि त्याला वेगळा गुण ठेवावा. जे मूल अडखळते त्याला रोज थोडा वेळ मोठ्याने वाचायला बसवावे, मग ते सातवीत असो की नववीत. अभ्यासक्रम मागे पडेल असे सहकारी म्हणतात. पडू द्यावा, दोन धडे उशिरा झाले तर भरून काढता येतात.

— एक गणित शिक्षिका