फ्लोट विमान पाण्यावर ब्रेकने थांबतं, वाऱ्याने वळत नाही : दुरुस्ती किंवा परताव्याची मागणी

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : फ्लाइट सिम्युलेटरसाठी घेतलेल्या फ्लोटवरील बीव्हर विमानाच्या पॅकेजमधील दोष

महोदय,

आपलं बीव्हरचं, म्हणजे चाकांऐवजी पाण्यावर तरंगणारे पोकळ फ्लोट लावलेल्या विमानाचं, पॅकेज मी पूर्ण किंमत मोजून घेतलं. कॉकपिट, रंगकाम, नऊ सिलिंडरच्या इंजिनाचा आवाज, सगळं मनापासून आवडलं. पण विमान पाण्याला टेकलं की पुढचं जवळपास सगळं चुकीचं आहे, आणि फ्लोट विमान कुणी घेतो तो पाण्यासाठीच.

सर्वांत मोठा दोष वेग कमी होण्याचा. खरं फ्लोट विमान उतरल्यावर थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) मिटला, योक (विमान चालवायचं हँडल) मागे ओढला, की स्टेपवरून (फ्लोटच्या तळाची पायरी, जिच्यावर विमान वेगात पाण्यावरून घसरतं) खाली बसतं आणि पाणी त्याला झपाट्याने अडवतं. त्यानंतर मात्र ते पूर्ण थांबत नाही. इंजिन आयडलवर, म्हणजे सर्वांत कमी शक्तीवर, असलं तरी प्रोपेलर ओढतच राहतो आणि विमान पुढे सरकत राहतं. तुमच्या पॅकेजमध्ये हे नेमकं उलटं घडतं. उतरल्यावर विमान डांबरी धावपट्टीवर असल्यासारखं लांबवर घरंगळत जातं, आणि वेग उतरला की आयडलवर जागीच खिळतं. हलवायला इतका थ्रॉटल द्यावा लागतो की ते एकदम उसळतं. शिवाय ब्रेकचं बटण पाण्यावरही चालतं! फ्लोट विमानाला पाण्यावर ब्रेक नसतात. म्हणूनच धक्क्याला लागताना वारा आणि उरलेला वेग जोखून इंजिन आधीच बंद करायचं असतं. ब्रेक लागत असेल तर ते शिकायचं कशाला?

दुसरा दोष वळण्याचा. पाण्यावर संथ चाललेलं विमान वाऱ्याकडे तोंड करू पाहतं, कारण मागचं उभं शेपूट वारा पकडतं. वाऱ्याकडे पाठ करून जायचं तर वॉटर रडर (फ्लोटच्या मागची, पाण्यात सोडायची छोटी सुकाणूं) खाली सोडून झगडावं लागतं. वारा जोराचा असेल आणि तेवढ्याने वळेना, तर पॉवर वाढवून नाक उचलायचं. फ्लोटचा मागचा भाग पाण्यात रुततो, विमान ज्या बिंदूभोवती फिरतं तो मागे सरकतो आणि वळणं सोपं होतं. तुमच्या विमानावर बाजूने जोराचा वारा सोडला तरी ते ढिम्म हलत नाही. वॉटर रडरचा दांडा वर-खाली होतो, रडरही हलताना दिसतात, पण वर असोत वा खाली, वळण्यात काडीचा फरक नाही. इंजिन बंद करून वाऱ्यावर मागे वाहत जाणं, योक आणि शेपटावरचा रडर विरुद्ध दिशांना धरून शेपूट हवं तिकडे नेणं, अरुंद जागी वैमानिक हेच करतात. तुमच्याकडे इंजिन बंद केलं की वारा असो नसो, विमान नांगर टाकल्यासारखं उभं.

हे सगळं मी सिम्युलेटरमध्ये अलास्कातल्या अँकरेजच्या लेक हूड या तळ्यावर तपासलं. तिथे लेक हूड आणि लेक स्पेनार्ड कालव्याने जोडलेले आहेत आणि काठाला विमानांची दाटी असते. अशा जागी संथ चालणं आणि वेळेवर वळणं हेच कसब. सिम्युलेटरचं दुसरं एक फ्लोट विमान त्याच जागी, त्याच वाऱ्यात वाऱ्याकडे वळतं, त्यामुळे दोष माझ्या सेटिंग्जचा नाही.

आपल्या मदत विभागाने 'रडरची संवेदनशीलता वाढवा' असं उत्तर पाठवून तक्रार बंद केली. फ्लोटला पाण्याचा विरोध किती आणि शेपटाला वारा किती लागतो, हे पॅकेजच्या आतल्या फाइलमध्ये ठरतं. माझ्या जॉयस्टिकची संवेदनशीलता वाढवून ते बदलणार नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीसमोर पाण्यावर उतरणाऱ्या कोडियाक विमानाची चाचणी झाली, तेव्हापासून मला या विमानांचं वेड आहे. पाण्यावरची हाताळणी घरी शिकता येईल म्हणून हे पॅकेज घेतलं. जाहिरातीतही 'पाण्यावर हुबेहूब' असंच लिहिलं आहे.

माझी मागणी : पाण्यावरचे ब्रेक बंद करा, आयडलवरची ओढ, पाण्याचा विरोध आणि वाऱ्याचा परिणाम दुरुस्त करा, वॉटर रडर खरोखर चालते करा. या दुरुस्तीची तारीख पंधरा दिवसांत लेखी कळवा. ते जमणार नसेल तर पूर्ण रक्कम परत करा आणि जाहिरातीतला तो दावा काढून टाका. खरेदीची पावती आणि वर लिहिलेल्या प्रत्येक दोषाचं चित्रीकरण सोबत जोडलं आहे.

कळावे,
आपला ग्राहक