नाव बदलले म्हणजे ओळख लपली असे नव्हे

महोदय,

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत समुपदेशन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकासाठी केस स्टडी, म्हणजे समुपदेशनाला आलेल्या एका व्यक्तीची सविस्तर नोंद, लिहावी लागते. या फायलींत पुन्हा पुन्हा दिसणारी एक गंभीर चूक विद्यार्थी आणि विभागप्रमुख दोघांच्याही नजरेस यावी, म्हणून हे पत्र.

पहिल्या पानावर ‘नाव बदलले आहे’ अशी ओळ असते आणि बाकी सगळे जसेच्या तसे. समजा, रावेर तालुक्यातले गाव, केळीची बाग, नवऱ्याचा ट्रॅक्टरखाली मृत्यू, दोन मुली, सासऱ्याशी जमिनीचा वाद. हजार-दीड हजार वस्तीच्या गावात एवढ्यावरून ती बाई कोण हे कोणीही सांगेल. परीक्षक, लिपिक, वर्गमित्र सगळे याच पट्ट्यातले, कोणाचे ना कोणाचे सोयरे. म्हणून लिहून झाल्यावर प्रत्येकाने स्वतःला विचारावे : हे या माणसाच्या शेजाऱ्याच्या हाती पडले तर तो ओळखेल का? उत्तर ‘हो’ किंवा ‘बहुतेक’ असेल तर फायल जमा करण्याजोगी झालेली नाही.

काय बदलायचे आणि काय ठेवायचे, याला विचार लागतो. गावाऐवजी ‘सातपुड्याच्या पायथ्याचे गाव’, ३४ ऐवजी ‘तिशीतली’, १४ सप्टेंबरऐवजी ‘पावसाळ्याच्या अखेरीस’ असे चालते. अपघाताची बातमी छापून आली असेल तर ‘अचानक मृत्यू’ एवढेच पुरे. पण ज्या तपशिलावर विश्लेषण उभे आहे तो बदलायचा नाही. सातबाऱ्यावर तिचे नाव नसणे हेच तिच्या असुरक्षिततेचे मूळ असेल, तर जमिनीऐवजी दुकान लिहून केसच खोटी होते. अशा वेळी तो तपशील ठेवावा आणि भोवतालचे बाकीचे आणखी पुसट करावे. इतके करूनही ओळख लपत नसेल, तर दुसरी केस निवडावी.

गळती फायलीतूनच होते असेही नाही. मजकूर व्हॉट्सअॅपवरून टायपिंग सेंटरला जातो, तिथल्या संगणकावर महिनोन्‌महिने राहतो, बाइंडिंगवाल्याच्या टेबलावर उघडा पडतो. टायपिंग स्वतः करावे. ते जमत नसेल तर ओळख पुसलेला मसुदाच बाहेर द्यावा आणि काम होताच समोर बसून तो डिलीट करून घ्यावा. संमतीपत्रावर खरे नाव आणि सही किंवा अंगठा असतो. ते फायलीला जोडूच नये. फायलीवर फक्त सांकेतिक क्रमांक असावा आणि नाव-क्रमांकाची यादी मार्गदर्शकाच्या कुलूपबंद कपाटात राहावी.

समुपदेशनाला दिलेली संमती म्हणजे अभ्यासासाठी लिहिण्याला संमती नव्हे. दोन्ही वेगळ्या घ्याव्यात. ‘नाही म्हटले तरी तुमचे समुपदेशन थांबणार नाही’ हे वाक्य समोरच्याच्या बोलीत, कागद पुढे करण्याआधी सांगावे. अठरा वर्षांखालील असेल तर पालकांची संमती हवी आणि मुलाचा स्वतःचा होकारही. गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्याच बैठकीत स्पष्ट कराव्यात : जिवाला धोका असेल तर इतरांना सांगावे लागते आणि बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे. असे प्रकरण समोर आले की केस स्टडी बाजूला ठेवून त्याच दिवशी मार्गदर्शकाला गाठायचे.

आता लेखनाकडे येऊ. तक्रार त्या व्यक्तीच्या शब्दांत लिहावी. ‘माले रातले झोप येत नही, जीव घाबरस’ हे अहिराणी वाक्य खोडून तिथे ‘क्लायंटला चिंताविकार आहे’ असे लिहिले की हातातला पुरावा गेला. लेवा गणबोली, भिली, पावरी असो, मूळ वाक्य ठेवावे, खाली प्रमाण मराठीत अर्थ द्यावा आणि दुभाषा कोण होता तेही नोंदवावे. सुनेच्या बोलण्याचा अर्थ सासू सांगत असेल, तर त्या नोंदीचे वजन वेगळे असते.

पाहिलेले आणि त्यावरून काढलेला अर्थ यांची सरमिसळ ही दुसरी मोठी अडचण. ‘क्लायंट उदास व असहकार्य करणारी होती’ यात पाहिलेले काहीच नाही. ‘पहिली दहा मिनिटे पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती, उत्तरे एक-दोन शब्दांची, मोठ्या मुलीचा विषय निघताच बोलणे थांबले’ ही नोंद झाली. अर्थ नंतर, वेगळ्या परिच्छेदात. बैठकीत भराभर लिहीत बसू नये, पण बैठक संपल्यावर तासाभरात नोंद करावी. उद्यावर टाकली की स्मृती संवाद नीटनेटका करून टाकते. रेकॉर्डिंग परवानगीशिवाय नाहीच. परवानगी असली तरी फोनची फायल आपोआप क्लाउडवर चढत नाही ना, ते तपासावे.

चाचण्यांचे गुण लिहून निदान करणे तातडीने थांबायला हवे. पीएचक्यू-९ ही नैराश्याच्या लक्षणांची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, गुण ० ते २७. दहा किंवा अधिक गुण आले तर पुढे तपासणी हवी. नैराश्याचे निदान त्यावर होत नाही. ते काम मनोविकारतज्ज्ञाचे किंवा नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचे. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. एकूण गुण सहाच असले आणि नवव्यात एक असला, तरी त्याच बैठकीत थेट, शांतपणे विचारायचे. काय विचारले, काय उत्तर आले, कोणाला कळवले हे लिहायचे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक दिला की नाही, तेही.

विश्लेषणासाठी पाच बाजू शिकवल्या जातात : आताची अडचण, आधीपासूनची पार्श्वभूमी, तत्काळ कारण, त्रास टिकवून धरणाऱ्या गोष्टी आणि आधार. विद्यार्थी पाच रकाने भरून मोकळे होतात, त्यांना जोडणारा धागा राहूनच जातो. एटीकेटी लागल्यावर वर्गात छातीत धडधडू लागलेली विद्यार्थिनी कल्पून पाहा. ती तास बुडवते, त्या वेळेपुरते बरे वाटते, अभ्यास मागे पडतो आणि पुढच्या तासाची धास्ती वाढते. हे चक्र चार वाक्यांत मांडता आले तरच उपाय पटतो. मग ‘सीबीटी (विचार आणि वागणूक बदलण्याची उपचारपद्धती) दिली’ असे न लिहिता पहिल्या आठवड्यात शेवटच्या बाकावर वीस मिनिटे, भीतीचा आकडा दहापैकी आधी किती, नंतर किती, असे लिहिता येते.

आणि शेवट. चार बैठकांत ‘क्लायंट आता आनंदी आहे’ असे लिहिणाऱ्या फायलींना चांगले गुण मिळतात, म्हणून विद्यार्थी तसे लिहितात. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई दोनदा आली नाही, तर तो ‘प्रतिकार’ ठरवला जातो. बुडणारी रोजी आणि एसटीचे वेळापत्रक कोणी विचारत नाही. तिसऱ्या बैठकीनंतर ती आलीच नाही, असे प्रामाणिकपणे लिहून आपण कोणता प्रश्न घाईने विचारला याचा शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापले जाऊ नयेत. त्यानेच खरे काम केलेले असते.

विभागांना विनंती अशी की दहा केसचा हट्ट असेल तिथे तो सोडून तीन मागाव्यात आणि प्रत्येकीत दहा-बारा ओळींचा संवाद, शेजारी ‘मी हे का बोललो’ असा रकाना घ्यावा. तोंडी परीक्षा झाल्यावर फायली कपाटावर धूळ खात पडतात, कधी रद्दीत जातात. निकाल लागून पुनर्तपासणीची मुदत संपली की मार्गदर्शकाच्या देखत त्यांचे बारीक तुकडे करावेत आणि तशी तारखेसह नोंद ठेवावी.

— समुपदेशन विद्यार्थ्यांचे एक मार्गदर्शक, जळगाव