पोटात दुखतंय म्हणाला, पण दुखत होते वृषण

गेल्या महिन्यात पहाटे चारला माझा सोळा वर्षांचा मुलगा गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होता. 'पोटात दुखतंय,' एवढेच म्हणाला. दोनदा उलटी झाली. आम्ही ओवा दिला, अपचनाची गोळी दिली. कळ खाली, वृषणात आहे, हे त्याने आईसमोर सांगितलेच नाही. सहा वाजता बाथरूमच्या दाराआडून मला सांगितले. ऐरोलीहून रिक्षाने रुग्णालय गाठले. डॉक्टरांनी तपासले, डॉप्लर सोनोग्राफी (रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) केली आणि लगेच शस्त्रक्रियेला घेतले. वृषणाला पीळ पडून रक्तपुरवठा थांबला होता. साधारण ६ तासांत पीळ सुटला तर वृषण बहुधा वाचते, पुढे प्रत्येक तासाला आशा कमी होते. आमचे थोडक्यात निभावले. दुसऱ्या बाजूलाही पीळ पडू नये म्हणून तिकडेही टाके घातले.

जंतुसंसर्ग, खेळताना लागलेला मार, अडकलेला हर्निया, गालगुंड, अगदी मुतखड्याची खाली उतरणारी कळ, अशी वृषणात दुखण्याची इतर कारणेही असतात. संसर्गात दुखणे सहसा हळूहळू वाढते, लघवीला जळजळ होते. पण हा फरक घरी ठरवत बसू नये, तडक रुग्णालयात न्यावे.

शाळांत मुलींशी पाळीबद्दल बोलले जाते, ते उत्तमच. आठवी ते बारावीच्या मुलांनाही एका तासात एवढे सांगावे, ही शाळांना कळकळीची विनंती.

- एक पालक, ऐरोली, नवी मुंबई