नागफणीच्या कड्यावरून

पुणे,
१९ जानेवारी

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण भीमाशंकरला जाऊन आल्याशिवाय तुला लिहायचे नाही असे मी ठरवले होते. गेल्या रविवारी जाऊन आलो आणि शेकरू पाहिले. नुसते पाहिले नाही, दिगंबर, वीस मिनिटे त्याच्या झाडाखाली बसून राहिलो.

मंदिरापासून हनुमान तळ्यावरून नागफणीच्या कड्याकडे जाणारी पायवाट तुला आठवत असेल. रमतगमत गेले तरी तासाभराची. देवदर्शनाला आलेली गर्दी सहसा तिकडे वळत नाही, त्यामुळे थोडे आत शिरले की घंटेचा नादही मागे पडतो आणि जांभूळ, अंजन, हिरडा यांच्या दाट सावलीत पायाखालच्या पाचोळ्याचाच काय तो आवाज उरतो. आमच्याबरोबर जवळच्या वाडीतले एक वाटाडे होते. त्यांनी एका उंबराखाली हात वर करून आम्हांला थांबवले. वर काहीच दिसत नव्हते, पण माझ्या खांद्यावर अर्धवट कुरतडलेले उंबर येऊन पडले. मान वर केली तर मागच्या दोन पायांनी फांदी धरून शेकरू उलटे लोंबकळत होते, पुढच्या पंजांत फळ होते आणि तोल सांभाळणारी लांब झुपकेदार शेपटी सरळ खाली सुटली होती. पाठीचा तो गडद तांबूस रंग कोणत्याही छायाचित्रात उतरलेला मी पाहिलेला नाही.

शेजारच्या झाडावर त्याचे घरटे होते. काटक्यापानांचा मोठा गोळाच म्हण ना! एक शेकरू अशी अनेक घरटी बांधते आणि तीही बारीक फांद्यांवर, जिथे जड शिकारी प्राण्याला पोहोचता येत नाही. ते जमिनीवर क्वचितच उतरते. या झाडावरून त्या झाडावर उड्या मारतच त्याचे आयुष्य जाते. म्हणून रान नुसते शिल्लक राहून भागत नाही, फांदीला फांदी लागलेली राहावी लागते. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले ते मुख्यतः याच प्राण्यासाठी, आणि आपल्या राज्यप्राण्याचा मानही त्यालाच आहे. परतताना वाहनांच्या रस्त्यावर आलो, तेव्हा दोन्ही बाजूंच्या झाडांमधले मोकळे आकाश मला प्रथमच खुपले.

कड्यावर पोहोचलो तेव्हा कोकणातले धुके विरळ होत होते. खाली खांडस, पुढ्यात पदरगड, सगळे हळूहळू उघडे झाले. इतक्यात खालच्या रानातून शेकराची खडखडाटासारखी हाक आली, मग दुसऱ्याची, मग आणखी लांबून तिसऱ्याची. वाटाडे हळूच म्हणाले, “गरुड आला असंल.” आम्ही आकाशात शोधत होतो आणि तो होता आमच्या पायांखाली! काळा गरुड, पंखांची टोके बोटांसारखी फाकवून, झाडांच्या शेंड्यांना जवळजवळ घासत, एकदाही पंख न हलवता दरीच्या कडेने सरकत होता. शिकारी पक्ष्याची पाठ पाहायला मिळणे किती दुर्मीळ, हे तुला सांगायला नको. तो वळणाआड गेला आणि एकेक हाक थांबत गेली. त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

त्याच वेळी एक घोळका मोठ्याने गाणी लावून वर आला असता, तर यातले काहीही आम्हांला कळले नसते. तिथे डोळ्यांआधी कान लागतात. तू लहानपणापासून नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखतोस, म्हणून परवा पदोपदी तुझी आठवण झाली.

फेब्रुवारीत दोन दिवस काढ. शुक्रवारी रात्री माझ्याकडे मुक्कामाला ये, म्हणजे पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी कड्यावर पोहोचता येईल. तुझी जुनी दुर्बीण आठवणीने आण, माझ्या दुर्बिणीचे एक भिंग धूसर झाले आहे. काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत