लिबरेटर बॉम्बरचं नवीन किट यायला हवं, आणि त्यात आपल्या हवाई दलाची डेकल्स हवीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची प्लास्टिकची स्केल मॉडेल्स बनवणारे लोक आपल्याकडे वाटतात त्यापेक्षा बरेच आहेत, नोकरी-धंदा सांभाळून रात्री टेबललॅम्प लावून बसणारे, आणि मी त्यातलाच एक. आमच्या या छंदाबद्दल पेपरात फारसं काही येत नाही म्हणून हे पत्र. मागणी एकच आहे, बी-२४ लिबरेटर या चार इंजिनांच्या बॉम्बरचं चांगलं, नव्या साच्यातलं किट कोणीतरी काढावं आणि त्यात भारतीय हवाई दलाच्या खुणांची डेकल्स, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची छापील चित्रं, द्यावीत.

आता कोणी म्हणेल की लिबरेटर अमेरिकन विमान, त्याचं आपल्याला काय. पण हे विमान सगळ्यात शेवटपर्यंत लष्करी कामाला वापरलं ते आपणच, थेट १९६८ च्या अखेरीपर्यंत. अमेरिकेने १८ हजारांहून जास्त लिबरेटर बनवली, फोर्डच्या विलो रनच्या कारखान्यातून तर ऐन भरात तासाला एक विमान बाहेर पडायचं, आणि युद्ध संपल्यावर त्यातली बहुतेक काही वर्षांतच भंगारात गेली. आपल्याकडची वाचली, आणि ती कशी वाचली हे शाळेच्या पुस्तकात यावं असं मला मनापासून वाटतं.

झालं असं की युद्धात बंगालमधल्या सालबनी, दिग्री, धुबालिया वगैरे विमानतळांवरून ब्रिटिशांची लिबरेटर ब्रह्मदेशावर जायची, जपान्यांची रेल्वे, पूल, बंदरं फोडायला. युद्ध संपलं तेव्हा ही विमानं उधारीच्या करारातली, म्हणजे एक तर अमेरिकेला परत द्यायची नाहीतर निकामी करायची, मग ब्रिटिशांनी कानपूरला चकेरीच्या तळावर त्यांचा ढीग लावला आणि पुन्हा कोणी उडवू नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड केली. १९४८ मध्ये भारताला लांब पल्ल्याचं बॉम्बर हवं होतं आणि विकत घ्यायला पैसा नव्हता, तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या ढिगातून एकेक विमान उभं केलं, जेमतेम उडेल इतकं दुरुस्त केलं, आणि कंपनीचे टेस्ट पायलट जमशेद कैकोबाद मुन्शी ती कानपूरहून बंगळूरला उडवत घेऊन गेले. पुढे तिथे पूर्ण ओव्हरहॉल होऊन चाळीसच्या आसपास लिबरेटर हवाई दलात आली. ज्यांनी मोडली त्यांना ही परत उडतील असं वाटलंच नसणार. आणि ही कंपनी १९४० मध्ये काढली कोणी, तर सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, म्हणजे या गोष्टीत आपलाही माणूस आहेच. शिवाय १९५१ मध्ये हवाई दलाची ६ नंबरची स्क्वाड्रन लिबरेटर घेऊन नव्याने उभी राहिली ती आपल्या पुण्यात, समुद्रावर गस्त घालायच्या कामासाठी. आज लोहगावला विमान पकडायला जाणाऱ्या किती पुणेकरांना हे माहीत असेल?

किटचं म्हणाल तर परिस्थिती अशी आहे. एअरफिक्सचा (ही आणि पुढची नावं किट कंपन्यांची) पहिला १/७२, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढा, लिबरेटर १९६३ चा. १/४८ मध्ये मोनोग्रामचा आहे, तो १९७६ चा, त्या काळाच्या मानाने उत्तमच, पण त्यावरच्या पॅनेल लाइन्स, म्हणजे पत्र्यांच्या जोडरेषा, उठावाच्या आहेत, जोड घासायला घेतला की त्या पुसल्या जातात आणि परत कोरत बसा. त्याच स्केलमध्ये एचके मॉडेल्सने बी-१७ नवा काढला, लँकेस्टरही नवा काढला, लिबरेटर मात्र तिथेच राहिला. १/३२ मध्ये हॉबीबॉसचा आहे पण त्याचे पंख मीटरभर लांब होतात, आपल्या दोन खोल्यांच्या घरात तो ठेवायचा कुठे? १/७२ चा हासेगावाचा छान आहे, हे मान्यच केलं पाहिजे, एडुआर्डने तेच प्लास्टिक घेऊन स्वतःची डेकल्स घालून समुद्री गस्तीचे लिबरेटर काढले होते तेही सुंदर होते, पण ही किटं एकदा संपली की परत कधी येतील याचा भरवसा नसतो आणि तोवर ज्याच्याकडे पडून आहेत तो मागेल ती किंमत. दरवर्षी नवीन कॅटलॉग आला की आम्ही आशेने बघतो आणि परत स्पिटफायर, परत मेसरश्मिट, परत मस्टँग. त्या विमानांवर माझा काही राग नाही, मीही ती बनवलीत. पण एकाच स्पिटफायर मार्क ९ ची इतकी किटं असताना एवढं मोठं, एवढं महत्त्वाचं विमान मागे राहावं हे बरोबर नाही.

आणि हे विमान मॉडेल म्हणून फार सुंदर आहे हो. तो डेव्हिस विंग नावाचा लांब, अरुंद पंख बघा, १/७२ मध्ये पंखांची लांबी साधारण साडेशेहेचाळीस सेंटीमीटर भरते आणि रुंदी इतकी कमी की आतून स्पार, म्हणजे पंखाचा मुख्य कणा, भक्कम दिला नाही तर पंख खाली झुकणार, म्हणून नव्या किटमध्ये दोन्ही पंखांना जोडणारा आडवा स्पार हवाच. बॉम्ब-बेचे (बॉम्ब ठेवायच्या कप्प्याचे) दरवाजे खाली उघडत नाहीत, दुकानाच्या शटरसारखे फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) बाजूने वर सरकतात, ते उघडे दाखवायचे तर पातळ फोटो-एच (रसायनाने कोरलेल्या धातूच्या पत्र्याचे) पार्ट लागतात. पुढे नाकाखाली चाक असल्यामुळे मॉडेल शेपटीवर बसतं, त्यासाठी नाकात वजन भरायला पुरेशी जागा कंपनीने आधीच ठेवली आणि किती ग्रॅम भरायचं ते सूचनापत्रात स्पष्ट लिहिलं तर फार बरं होईल, कारण काचेच्या नाकात आणि टरेटमध्ये (बंदुकांच्या फिरत्या मनोऱ्यात) छर्रे लपवायचे म्हणजे डोकेदुखी असते. आपल्याकडची विमानं जे आणि एल प्रकारची, म्हणजे नाकावर टरेट असलेली, त्यामुळे नुसता डी काढून चालणार नाही. आणि डेकल शीटवर दोन पर्याय हवेत, १९४८ च्या सुरुवातीच्या काळातलं अशोकचक्र आणि नंतरचं तिरंगी वर्तुळ.

लिबरेटरच्या जोडीला व्हल्टी व्हेंजन्सचाही विचार व्हावा. हा डाइव्ह बॉम्बर आपल्या ७ आणि ८ नंबरच्या स्क्वाड्रनने १९४३-४४ मध्ये ब्रह्मदेशच्या आघाडीवर वापरला. सरळ खाली सूर मारता यावा म्हणून त्याचे पंख धडाशी शून्य कोनात बसवलेले, त्यामुळे एरवी उडताना त्याचं नाक वर असायचं, फोटोत बघितलं की लगेच ओळखू येतो. स्पेशल हॉबीचं किट आहे, पण ते शॉर्ट-रन, म्हणजे थोड्याच प्रती काढायच्या साध्या साच्यातलं, जोडाला पिना नाहीत, पुट्टी आणि पॉलिशपेपर यांच्यातच महिना जातो, नवशिक्या मुलाच्या हातात ते देता येत नाही.

बॉम्बर म्हणजे माणसं मारायचं यंत्र, त्याचं कौतुक कशाला, असं काही वाचकांना वाटेल आणि ते वाटणं मी समजू शकतो. खाली माणसं मेली आणि वर बसलेलीही मेली, ब्रिटिश बॉम्बर कमांडची एकट्याची ५५ हजारांवर माणसं गेली, बहुतेक विशी-पंचविशीतली. मॉडेल बनवताना मी टेल गनरची (शेपटीतल्या बंदूकवाल्याची) ती एवढीशी जागा रंगवतो तेव्हा हे विसरता येत नाही. उलट मी इतिहास वाचायला लागलो तोच या किटांमुळे, आणि घरातली मुलं टेबलाजवळ येऊन विचारतात की यात कोण बसायचं, हे कुठे गेलं होतं, तेव्हा त्यांना खरं काय ते सांगतो.

आता सरकारकडे एक गाऱ्हाणं. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० केली, २०२३ मध्ये ७० केली. स्वस्त, निकृष्ट खेळणी थांबावीत हा हेतू योग्यच. पण स्केल मॉडेल किटही आयात शुल्काच्या यादीतल्या त्याच ९५०३ या शीर्षकाखाली येतं, त्यामुळे मोठ्या माणसांच्या या छंदालाही तोच दर लागतो. जे इथे फारसं बनत नाही त्यावर एवढी ड्युटी लावून कोणत्या देशी उद्योगाचं रक्षण होतं? किटसाठी वेगळा, कमी दर ठेवावा.

नाहीतर मग इथेच बनवा, हे तर त्याहून चांगलं. आणि बनू शकतं. २०१० नंतरच्या दशकात एअरफिक्सची कितीतरी किटं भारतातच मोल्ड होत होती, डब्यावर मेड इन इंडिया छापलेलं असायचं. भोसरी-चाकणला गाड्यांच्या पार्टसाठी अचूक साचे बनवणारी टूल रूम्स आहेत, इंजेक्शन मोल्डिंग आहे, कॅडवर काम करणारी पोरं आहेत. साचा महाग असतो, लाखोंचा खेळ आहे, ते मला कळतं, म्हणून पहिल्याच फटक्यात लिबरेटर नको, आधी १/७२ चं एखादं व्हेंजन्स काढा, विकलं गेलं की मग चार इंजिनांकडे वळा.

मोजमापं घ्यायला परदेशी जायचीही गरज नाही. लंडन, ओटावा, अमेरिकेत टूसॉन इथल्या संग्रहालयांत जी लिबरेटर आहेत ती आपल्या हवाई दलातूनच गेलेली, पण एक दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे. हवाई दलाने किट बनवू इच्छिणाऱ्या कंपनीला त्या विमानाचं आतून-बाहेरून थ्रीडी स्कॅनिंग करू द्यावं आणि पुण्याच्या स्क्वाड्रनचे जुने फोटो असतील तर तेही दाखवावेत, डेकल बनवणाऱ्याला नंबर आणि अक्षरांचा आकार त्यावरूनच घेता येईल.

आपला,
एक मॉडेलर वाचक, पुणे